कॉर्डोबाच्या अंगणातला निळा मग

मी एक जुना निळा मग आहे. प्लॅस्टिकचा, कान तुटलेला. मित्रांनो, मग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कॉफी आली असेल तर ती बाजूला ठेवा. मी न्हाणीघरातला. घरात ज्याला टमरेल म्हणतात आणि पाहुणे आले की ज्याचं नावही कुणी काढत नाही, तोच मी. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट नीट ऐकता येईल.

माझा जन्म नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा रंग असा काही झळकत होता की आपण दिवाणखान्यातच जाणार याबद्दल मला शंका नव्हती. सीताबर्डीच्या दुकानात कमलाबाईंनी मला उचललं, उजेडात धरून पाहिलं, टिचकी मारली आणि म्हणाल्या, "हा टिकेल." आयुष्यातलं हे माझं पहिलं कौतुक. दुसऱ्यासाठी फार थांबावं लागलं.

कमलाबाई निवृत्त शिक्षिका. त्यांचा मुलगा नागेश स्टुटगार्टला गाड्यांचे ब्रेक तपासणारा इंजिनिअर. त्याच्याकडे पहिल्यांदा जाताना त्यांनी माझ्या पोटात सावजी मसाल्याची पुडी कोंबली आणि मला बॅगेत घातलं. मला शिंकता येत असतं तर ते विमान धड उतरलं नसतं.

स्टुटगार्टमध्ये माझी नेमणूक कमोडच्या मागे, ब्रशच्या शेजारी झाली. ब्रश जर्मन होता. तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. कमलाबाई परत गेल्या, पण मी तिथेच राहिलो आणि घरातल्या सगळ्यांच्या उपयोगी पडलो. तरी शेजारीण कॉफीला येणार असली की नागेशची बायको प्रभा मला वॉशिंग मशीनमध्ये लपवायची. एकदा ती मला काढायलाच विसरली आणि मी नागेशच्या शर्टांबरोबर चांगला गरम पाण्यात धुतला गेलो. कान गेला तो तेव्हाच. बाहेर आलो तेव्हा ब्रशपेक्षा कितीतरी स्वच्छ होतो, पण त्याची दखल कोण घेणार? गरज सरो, वैद्य मरो.

गेल्या मे महिन्यात कमलाबाई पुन्हा आल्या. त्यांना कुंड्यांचं भारी वेड, म्हणून प्रभाने स्पेनमधल्या कॉर्डोबाची सहल ठरवली. हे फार जुनं शहर. मे महिन्यात तिथे सणांची नुसती रांग लागते. आधी चौकाचौकांत फुलांनी मढवलेले क्रूस उभे करतात, शेवटी मोठी जत्रा भरते, आणि या दोन्हींच्या मध्ये अंगणांचा उत्सव असतो. लोक आपल्या घरांची दारं उघडी टाकतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याने त्यांची फुलं बघायची. सासूबाईंसाठी सुनेने एवढी शोधाशोध करावी, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. पुढच्याच क्षणाला ते ओसरलं.

"आई, प्लीज, या वेळी तो मग नको," प्रभा म्हणाली. "हातातल्या बॅगेत जागाच नाही. आणि तिथे सगळी सोय असते."

"बरं," कमलाबाई म्हणाल्या.

सासूच्या अशा "बरं"चा अर्थ कुठल्याच शब्दकोशात सापडत नाही. निघायच्या दिवशी सकाळी एस-बानच्या लोकलमध्ये बसलो तेव्हा मी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो, शालीखाली, पाण्याच्या बाटलीला टेकून.

विमानतळावर तपासणीच्या माणसाने मला बाहेर काढलं. आत पाहिलं, उलटा करून पाहिलं, वास घेतला आणि मला एकट्याला वेगळ्या ट्रेमध्ये बसवून पुन्हा यंत्रातून पाठवलं. प्रभा लांब जाऊन अत्तराची जाहिरात वाचू लागली. तिची नऊ वर्षांची लेक अवनी मात्र सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दास गेहोर्ट माइनर ओमा." म्हणजे हे माझ्या आजीचं आहे.

विमानात प्रभा हळूच म्हणाली, "आई, तिथे निदान लोकांसमोर काढू नका हं तो. मला फार कानकोंडं होतं."

"नाही काढणार," कमलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शब्द पाळला. पण कसा, ते फक्त मला आणि बाटलीला ठाऊक. मला बाहेर काढायची वेळच येऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी पाणीच सोडलं. सहलीसाठी भाड्याने घेतलेल्या घरात बिडे, म्हणजे कमोडशेजारचं धुवायचं बुटकं भांडं, होतं. नागेशने इंजिनिअरच्या तन्मयतेने ते कसं चालतं हे समजावलं, कमलाबाईंनी त्यात पाय धुतले आणि "छान सोय आहे हो," म्हणून निघाल्या. बाहेरच्या न्हाणीघरांत तर तेही नव्हतं.

पिशवीच्या फटीतून मला कॉर्डोबाचा फक्त वरचा अर्धा भाग दिसला, पण तोही डोळे दिपवणारा होता. जुन्या मशिदीत, जिच्या पोटातच नंतर चर्च बांधलं, तांबड्यापांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी संपता संपत नव्हत्या. नागेश खांब मोजू लागला आणि अवनीने मध्येच प्रश्न विचारल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. रोमन पुलावर उन्हाने दगड तापले होते. सगळे घटाघटा पाणी पीत होते.

"आई, पाणी?" नागेशने विचारलं.

"आहे माझ्याजवळ. कशाला एवढी काळजी करून राहिला?"

खोटं नव्हतं ते. पाणी होतंच. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती आणि माझ्या बाजूला डुचमळत होती. मला हातपाय असते तर मी नागेशच्या डोक्यात बसलो असतो. नागपूरची बाई उन्हाला भ्यायची नाही, हे खरं. पण नागपुरात माणसं पाणी पितात.

दुपारी आम्ही सान बासिलिओ या वस्तीतल्या एका अंगणात शिरलो. भिंतीवर वरपर्यंत निळ्या कुंड्या, त्यांत लालगुलाबी जिरेनियम, मधोमध विहीर. घरमालकीण एन्कार्ना नावाची ठसठशीत म्हातारी. लांब काठीच्या टोकाला डबडं बांधून ती उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालत होती. ते डबडं सगळ्या जगासमोर असं मिरवताना पाहून माझा ऊर भरून आला. जळलोही थोडा.

कमलाबाईंनी मान वर करून पाहिलं, "किती गं सुंदर," म्हणाल्या आणि भिंतीला धरून खालीच बसल्या. चेहरा पांढराफटक. नागेशने त्यांना सावरलं, पिशवी कलंडली आणि मी फरशीवर घरंगळत गेलो.

एन्कार्ना धावत आली. समोर मी दिसलो. तिने मला उचललं, विहिरीच्या बादलीत बुडवलं आणि काठोकाठ भरून थेट कमलाबाईंच्या ओठांना लावायला नेलं.

"नाइन! नको!" अवनी किंचाळली.

नागेश "नो, नो" करत मध्ये पडला. प्रभाने एन्कार्नाचं मनगट धरलं. मी काय आहे हे तिला कोणत्या भाषेत सांगावं, कुणालाच सुचेना. एन्कार्ना थक्क. तहानलेल्या बाईला पाणी पाजू देत नाहीत, ही कसली माणसं? कमलाबाईंनी अर्धवट शुद्धीतही मला ओळखलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. एवढ्या संकटात मला अपमान वाटायला नको होता. वाटला.

प्रभाने मला काढून घेतलं, माझं पाणी कमलाबाईंच्या पायांवर ओतलं आणि पिशवीतली बाटली उपसली. ती उघडताना तिचा हात थांबला.

"आई, ही भरलेली आहे. सकाळची."

प्रभाने त्यांना घोट घोट पाणी पाजलं, बाटली संपेपर्यंत. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "प्यायले असते तर जावं लागलं असतं गं. तुला शब्द दिला होता."

प्रभाच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं माझं, आई," ती म्हणाली. एन्कार्नाने दुसरी बाटली आणली, तीही संपली. चेहऱ्यावर रंग परतला आणि थोड्या वेळाने जे व्हायचं तेच झालं. कमलाबाई चुळबुळू लागल्या.

एव्हाना अंगणात पर्यटकांची रांग दारापर्यंत गेली होती आणि न्हाणीघर पलीकडच्या टोकाला होतं. नागेशने मला झाकायला शाल पुढे केली.

"असू द्या हो," प्रभा म्हणाली.

तिने एका हाताने सासूबाईंना धरलं, दुसऱ्या हातात मला घेतलं आणि रांगेच्या मधून निघाली. उघडा, निळा, कान तुटलेला मी, त्या फुलांखालून, सगळ्यांसमोर! लोकांनी वाट करून दिली. एका जपानी गृहस्थांनी माझा फोटोही काढला. एन्कार्नाच्या घराण्यातली पूजेची काही वस्तू असावी, असं बहुधा त्यांना वाटलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी टिकेन. पण तुमची आजी सहलीला आली आणि तिची बाटली दिवसभर भरलेलीच दिसली, तर तिला तहान नाही असं समजू नका.