लोकरीत काळवंडलेली चांदीची चकती

मित्रांनो, मी चांदीची चकती. वयाने जुनी, एके काळी ज्वारीच्या भाकरीएवढी रुंद आणि करंगळीएवढी जाड. भाकरी पुढ्यात आली की माणूस खायला लागतो. मी पुढ्यात आले की तो आधी मला उलटी करून बघतो. माणसांची पारख मी तिथेच शिकले.

साधारण १९३० साली सोलापूरच्या सराफ बाजारात, गुरुबसप्पा सराफांच्या भट्टीत माझा जन्म झाला. त्याआधी मी मोहोळकडच्या एका धनगराच्या घरात तोडे, वाळे, कडदोरे अशी विखुरलेली होते. मेंढरांमागे रानोरान फिरताना आज एक वाळा हरवे, उद्या दुसरा. घरच्या कारभारीण केराबाई याला कंटाळल्या. त्यांनी स्वतःचे दागिने काढले, सून गोजाबाईच्या पायातले माहेरचे तोडे काढून घेतले आणि सगळे एका मुशीत वितळवायला दिले. सुनेला विचारले होते का, हे मला विचारू नका.

गुरुबसप्पांनी माझ्यावर आपला ठसा मारला, दोनशे तोळे हे वजनही उठवले. मी अशी चकाकत होते की केराबाईंना दृष्ट लागण्याची भीती वाटली. घरी जाताच त्यांनी मला नुकत्याच कातरलेल्या लोकरीत गुंडाळले. धनगराच्या घरी लोकरीपेक्षा शुभ ते काय असणार! मग उतरंडीच्या तळच्या मडक्यात मला ठेवून त्या मुलगा बिरप्पाबरोबर मेंढरे घेऊन निघाल्या. गोजाबाई पोटुशी होती म्हणून मागे राहिली. माझी राखण तिच्यावर आली.

कित्येक महिन्यांनी केराबाई परतल्या. त्यांनी लोकर सोडली, तर आत मी तव्यासारखी काळी.

"ही आमची न्हाय," केराबाई म्हणाल्या. "तुझा भाऊ येऊन गेला न्हवं?"

"बाळ बघाया आला हुता, आत्याबाई."

"व्हय, बाळबी बघितलं आन् उतरंडबी."

"त्यानं मडक्याला हात लावला न्हाय."

"ते सराफ सांगंल. खोटी निघाली तर तू तितनंच माहेरी जायाचं. बाळ हितं ऱ्हाईल."

बिरप्पाने भिंतीला टेकून डोळे मिटले. मेंढरू आजारी पडले तर हा माणूस डोळ्याला डोळा लावत नाही. आई आणि बायकोच्या मध्ये मात्र त्याला बसल्या जागी पेंग येते.

तान्ह्या बाळासकट सगळे सोलापूरला आले. गुरुबसप्पांनी मला चिंच आणि राखेने घासले, तसा खालून ठसा दिसू लागला.

"ठसा माझाच," ते म्हणाले.

"ठसा कुनीबी कोरंल, आप्पा," केराबाई म्हणाल्या.

त्यांनी मला तोलले. वजन बरोबर भरले. कसोटीच्या दगडावर माझी रेघ ओढली. ती पांढरी उमटली. मग दोरीला टांगून लाकडाचा टोला दिला. मी पडले जाड. थाळीसारखी किणकिणायचे कुठून? ठण् करून गप्प झाले. गोजाबाईचा चेहरा उतरला. त्या क्षणी मला माझ्या जाडीची फार लाज वाटली.

"ऐकलंसा?" केराबाई म्हणाल्या. "वरनं चांदी, आत शिसं."

"लोकरीत कोणी गुंडाळली होती?" गुरुबसप्पांनी विचारले.

केराबाईंनी पदर सावरला. "मीच की."

"मग हिला काळी केली तुमच्या मेंढरानं. कच्ची लोकर चांदीला सोसत नाही. तरी शंका असेल तर फोडून बघू. पण फोडली की अख्खी राहायची नाही."

आता केराबाई घुटमळल्या. संशय फुकट असतो तोवर माणूस तो भरपूर बाळगतो. पण गोजाबाई पुढे झाली. "फोडा, आप्पा."

छिन्नी माझ्या मधोमध बसली. घणाचे घाव मी सोसले. शेवटी मला वाकवून मोडले. तुटलेल्या जागी या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरी, दाणेदार चांदी होती. शिशाचा कणही नव्हता.

मग केराबाईंनी गोजाबाईच्या मांडीवरचे बाळ उचलून आपल्या खांद्यावर घेतले. माफी मागायची त्यांची हीच रीत असावी. "आप्पा, पुन्ना एक करून द्या हिला," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"नगं," गोजाबाई म्हणाली. "दोन हायत त्या दोनच ऱ्हाऊ द्या. एक तुमच्याकडं, एक माज्याकडं. उद्या काळी पडली तर दोगींचीबी पडंल."

गुरुबसप्पा मिशीत हसले. बिरप्पाही हसणार होता, पण आईकडे बघून त्याने विचार बदलला. केराबाईंनी दोन्ही तुकडे हातात तोलून पाहिले आणि त्यातला जड वाटला तो सुनेच्या ओटीत घातला.

तोच तुकडा म्हणजे मी. मित्रांनो, चांदी कोरड्या सुती फडक्यात ठेवा, लोकरीत नको. आणि काळी पडलीच तर तिला खोटी ठरवण्याआधी चिमूटभर राखेने घासून बघा. मी घासल्यावर लगेच उजळले. गोजाबाईला मात्र त्या दिवशी भर बाजारात, मांडीवर तान्हे मूल घेऊन, माझ्या तुटण्याची वाट बघत बसावे लागले. ती कुठल्या राखेने उजळायची, हे गुरुबसप्पांनाही ठाऊक नव्हते.