दोन काचा

लगीन म्हणलं की वरात उशिरा, हे वालूरचं कुत्रंसुद्धा जाणतं. पण कासाबाईला ह्या खेपेला उशीर परवडणार नव्हता. सेलूहून फोटो काढणारा बन्सीधर येणार होता, अन् त्यानं आधीच बजावलं होतं, "बाई, ऊन हाय तवर फोटो. दिवस कलला की माझं यंत्र आंधळं. काचा दोनच आणीन, एका काचेवर एक फोटो. वाया गेली तर मला बोल लावायचा न्हाई."

धनगराच्या लग्नात फोटो! अख्खं गाव हसलं. निजाम जाऊन आठ वर्षं झाली होती, पण वालुरात कुणाच्या लग्नात असलं खूळ निघालं नव्हतं. नवरा येडबा तर म्हणाला, "येडी झालीस का? मेंढरांमागं हिंडणाराला तसबीर लावायला भिंत कुठली?"

कासाबाई उठून कोकरांकडं गेली. बोलली असती तर रडूच फुटलं असतं. थोरली लेक भागू तीन वर्षांमागं सासरी तापानं गेली. सांगावा पोचेस्तोवर माती झालेली. अन् हल्ली असं व्हायला लागलं की डोळे मिटले तर भागूचं नाक दिसे, हनुवटी दिसे, पण चेहरा काही केल्या जुळत नसे. पोटच्या पोरीचं तोंड आठवू नये, यापरीस वाईट काय असतं हो? म्हणून आता लगीन ठरलेल्या धाकट्या मनकर्णाचा तरी चेहरा कागदावर पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

मग बाईनं असा बेत आखला की तहसीलदारानं तोंडात बोट घालावं. मुहूर्त सांजचा निघत होता. भटजीच्या मागं लागून दुपारचा काढून घेतला. नवरदेवाचा मामा भुजंग दर लग्नात रुसायचा अन् त्याची मनधरणी करण्यात दिवस मावळायचा. त्याच्या मानाचा फेटा तिनं आदल्या दिवशीच नवरदेवाच्या गावी, चारठाण्याला धाडला. न मागता मान मिळाला, आता रुसावं कशावर? बिचारा वरातीच्या गाडीत सगळ्यांच्या आधी येऊन बसला. अन् घरच्यांना तिनं दम भरला, "आज मांडवात भागूचं नाव कुणी काढायचं न्हाई. शुभ कामात गेलेल्याचं नाव नगं."

वरात वेळेवर आली, अक्षता वेळेवर पडल्या. कुणी रुसलं नाही, की कुणाची भाजी खारट झाली नाही. बन्सीधरनं नवरदेव अंगद अन् मनकर्णाला मांडवाबाहेर उन्हात पाटावर बसवलं, तीन पायांवर यंत्र उभं केलं अन् डोक्यावर काळं फडकं ओढलं.

"नवरीबाई, वर बघा."

मनकर्णा वर बघंना. कशी बघंल? वर्षभर आईनं एकच धडा गिरवून घेतला होता, 'सासरच्या माणसांपुढं मान वर करू नको.' पोरीची हनुवटी जी छातीला चिकटली ती निघंचना. बन्सीधर वाट बघून बघून कंटाळला अन् त्यानं कळ दाबली.

"गेली पहिली काच," तो म्हणाला. "नुसत्या मुंडावळ्या अन् पदर आला. आता एकच हाय, अन् ऊन लिंबाच्या आड जायलंय."

कासाबाई लेकीपाशी जाऊन वाकली. "मने, बघ की वर. मी सांगायलेय न्हवं?"

"तूच म्हणली व्हतीस," मनकर्णा पदराआडून कुजबुजली, "मी सांगितलं तरी मान उचलू नको म्हणून. आत्याबाई बघायल्यात."

आत्याबाई म्हणजे सासू चतुराबाई. समोरच बसली होती, नजर रोखून. घ्या! स्वतः लावलेलं कुलूप, अन् किल्ली हिच्याकडंच नाही.

कासाबाई यंत्राशेजारी येऊन उभी राहिली. लिंबाची सावली नवरीच्या गुडघ्यावर चढली, मग पदरावर. हीसुद्धा पोरगी उद्या सासरी जाणार, अन् हिचाही चेहरा एक दिवस असाच पुसून जाणार. बाई एकदम किंचाळली,

"भागे! वर बघ गं!"

मनकर्णाची मान खाडकन वर आली. बन्सीधरनं कळ दाबली.

मग कळलं सगळ्यांना, काय नाव निघालं ते. वाजंत्रीवाले थांबले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं कासाबाईला झालं. मांडवात गेलेल्या लेकीचं नाव, अन् तेही आईच्याच तोंडून!

चतुराबाई उठली. आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार, म्हणून बाया मागं सरल्या. ती सरळ आली अन् तिनं कासाबाईचं मनगट धरलं.

"थोरल्या भैणीला आवतन नगं व्हय, ईहीनबाई? माझंबी एक गेलंय. सनासुदीला त्याचंच नाव पयलं येतंय तोंडात." अन् वाजंत्रीवाल्यांवर डाफरली, "तुमाला काय झालं? वाजवा की!"

तीन आठवड्यांनी बन्सीधरनं बाजारात येडबाच्या हाती फोटो दिला. कासाबाई मेंढरांच्या वाड्यात कोकरं पाजत होती. हात लुगड्याला पुसून तिनं कागद उन्हात धरला.

अंगद ताठ बसला होता. शेजारी मनकर्णा, मुंडावळ्या बाजूला उडालेल्या, डोळे मोठे, ओठ अर्धवट उघडे. बहिणीचं नाव ऐकून ती आईच्या आजूबाजूला कुणाला तरी शोधत होती. मेंढरांमागून हाक मारली की भागू अशीच बघायची. अगदी अशीच. नाक, हनुवटी, डोळे, सगळं एकदम जुळलं अन् कासाबाईनं हंबरडा फोडला.

येडबा घाबरला. "काय गं? पोरगी बरी न्हाई आली का फोटोत?"

"आली की," डोळे पुसत ती म्हणाली. "दोघीबी आल्या."