अर्ध्या बैठकीतली देवी

मंगळवारी दुपारी नौपाड्यातल्या आमच्या चाळीचा जिना चढायचा म्हणजे आधी चपलांच्या ढिगातून वाट काढावी लागे. सन त्रेपन्नची गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या विश्राम सकपाळांच्या पंधरा वर्षांच्या शकूच्या अंगात देवी यायची, आणि तिच्या हातचा अंगारा घ्यायला पार कल्याण-डोंबिवलीहून बाया यायच्या.

देवीची सगळी व्यवस्था काळुराम भगताकडे होती. नारळ त्याच्याकडे, झांजा त्याच्याकडे, आणि तोंड तर विचारूच नका.

"आली गं माय, आली! खाडीच्या पाण्यावरनं चालत आली, पावलाला थेंब नाय लागला!"

खाडीवर चांगला पूल असताना देवी पाण्यावरून कशाला आली, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. काळुराम शकूला हात जोडायला लावून, गुडघे अर्धे वाकवून उभी करायचा. "आसन मोडायचं नाय हां पोरी!" असं बजावून तो झांजा बडवायला लागायचा. थोड्या वेळानं तिच्या मांड्या थरथरू लागत, मग कंबर, मग सगळं अंग. बाया पदर पसरायच्या. खुद्द विश्राम पोटच्या पोरीच्या पायावर डोकं ठेवायचा.

हे सुरू कसं झालं, ते ऐका. शकूला शाळेच्या खो-खोच्या संघात खेळायचं होतं, पण तिचे पाय लवकर दमत. ड्रिल शिकवणाऱ्या सुमतीबाई म्हणाल्या, "घरी व्यायाम कर. सामान काही लागत नाही. सतरंजीएवढी जागा असली की झालं." सूर्यनमस्कार, बैठका सगळं त्यांनी करून दाखवलं. शकूनं घरी सुरुवात केली आणि विश्राम भडकला.

"पोरीच्या जातीनं बैठका मारायच्या? उद्या तुला बघायला कोण येणार?"

मग आई बाजारात गेली की शकू दार लोटून घ्यायची. एके दुपारी शेजारच्या रखमाबाईंनी फटीतून डोकावलं. पोरगी केस मोकळे सोडून जमिनीवर पालथी पडतेय, उठतेय, हात जोडून काही पुटपुटतेय. ती सूर्याची नावं होती. पण रखमाबाईंची किंकाळी तळमजल्यापर्यंत गेली, "अगो बाई, शकू घुमतेय!"

दार उघडलं तर समोर बाप. खरं सांगावं तर मार बसणार. शकू गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी काळुराम आला, त्यानं तिला अर्ध्या बैठकीत उभी केली, आणि मांड्या कापायला लागताच त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. गडी धंद्यात मुरलेला होता.

पहिले काही मंगळवार शकूला मजा वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. बाप ओरडत नव्हता, उलट हात जोडत होता.

मग एका मंगळवारी हौसाबाई आपल्या लहानग्या गणूला घेऊन आली. पोर तापानं फणफणलं होतं. डॉक्टरांनी मुदतीचा ताप सांगून औषध दिलं होतं.

"आईचा अंगारा आन् डागदरची पुडी एका पोटात राहत नाय," काळुराम म्हणाला. "काय ठेवायचं ते तू बघ, बाय."

हौसाबाईनं औषध बंद केलं. अंगारा शकूनंच गणूच्या जिभेवर ठेवला.

पुढच्या मंगळवारी हौसाबाई पुन्हा आली. गणूचे ओठ सुकले होते. डोळे उघडे होते, पण आई कोण हे त्याला कळत नव्हतं. हे माझ्या बोटानं झालं, एवढंच शकूला सुचत होतं.

"माझ्या अंगात कुणी येत नाही," ती म्हणाली.

झांजा थांबल्या. "आई रुसली!" काळुराम ओरडला.

"बाबा, तुम्ही या इथं. गुडघे वाकवा. अजून. आता उठायचं नाही."

देवीची आज्ञा समजून विश्राम उभा राहिला. थोड्याच वेळात त्याच्या धोतराचा सोगा हलायला लागला, मांड्या लटलट कापू लागल्या.

"बाबा, तुमच्या अंगात कोण आलं?"

रखमाबाईंनीही भिंतीला धरून तसेच गुडघे वाकवून पाहिले. त्यांचेही पाय कापू लागले. "मेल्या काळ्या, म्हंजे आमच्या सगळ्यांच्याच अंगात देवी?" काळुराम नारळांची पिशवी उचलून जिना उतरत होता.

"पाय असे ताणून धरले की दमतात आणि थरथरतात. कुणाचेही," शकू म्हणाली. "मी व्यायाम करत होते. माराच्या भीतीनं बोलले नाही. हौसाकाकू, त्याला दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता." आणि ती हमसून रडायला लागली. विश्रामनं गणूला खांद्यावर घेतलं आणि तो अनवाणीच दवाखान्याकडे पळाला.

गणू वाचला, पण थोडक्यात. हौसाबाई पुष्कळ दिवस शकूशी बोलली नाही, आणि तिनं बोलावं असं शकूनंही कधी म्हटलं नाही. लोकहो, अंग थरथरताना दिसलं तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, की हे कशानं होतंय? आमच्या भरल्या चाळीत हे एकानं जरी विचारलं असतं, तरी त्या पोराचे हाल टळले असते.

अंथरुणाला खिळून गणूच्या पायांतला जीव गेला होता. डॉक्टरांनी थोडं थोडं उठबस करवायला सांगितलं, तेव्हा शकू स्वतःहून गेली. रोज संध्याकाळी सगळ्यांच्या देखत ती त्याला गॅलरीच्या कठड्याला धरून उभा करायची. पहिल्याच दिवशी त्याच्या काडीसारख्या पायांना कापरं भरलं.

"शकूताई, माझ्या अंगात देवी आली का गं?"

"नाही रे राजा. पाय दमलेत तुझे. उद्या कमी दमतील," शकू म्हणाली, आणि खाली बसून त्याच्या पोटऱ्या चोळू लागली.