खिडकीच्या फटीतला ओला टॉवेल

घरात नवी गाडी घ्यायची ठरली की प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला होतं, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. कुणाला रंग महत्त्वाचा, कुणाला डिकी, कुणाला शेजाऱ्यापेक्षा वीतभर मोठी गाडी. या घरात मात्र तसं काही झालं नाही. इथे कुणाला काहीच नको होतं.

जुन्या गाडीचं वय संपलं होतं, ती मोडीत निघणार होती, म्हणून नवी घ्यायची, एवढंच. शोरूममधून आणलेली चकचकीत पत्रकं जेवणाच्या टेबलावर पसरली होती आणि त्यांच्यावरच वाटाणे सोलणं चाललं होतं.

"डिझेलच घेऊ," मुलगा म्हणाला.

"बरं," आई म्हणाली.

"सात सीटची."

"बरं."

"पांढरी?"

"तुला आवडेल ती."

सूनबाईंनी शेंगेतून मान वर केली. "आपण तिघं. उरलेल्या चार जागांवर काय वाटाणे बसवायचे?"

कुणी हसलं नाही. हसू नये असं काही नव्हतं. हसायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

वडील गेल्याला वर्ष होत आलं होतं. ते औषधांच्या कंपनीचे फिरते विक्रेते. सकाळी निघायचं, गावोगावची दुकानं करायची आणि दिवेलागणीला परतायचं, असा त्यांचा जन्म गेला. त्यांची डिझेलची गाडी जुन्या घडणीची. थंडीत ती घरघरायची, खोकायची, मग कुठे अंगात बळ धरायची. म्हणून ते सकाळी खाली जाऊन गाडी चालू करून ठेवत आणि वर येऊन चहा घेत. चहा संपेपर्यंत गाडी तापलेली असे. त्या काळी साऱ्या गल्लीत गाडी अशी एखादीच. तिच्या धुराचंसुद्धा कौतुक होतं! पोरं त्यात धावायची, दारातल्या बायका म्हणायच्या, "निघाले वाटतं साहेब." त्या धुराचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, हे खरं. वाटायला हवं होतं, हेही खरं.

वडील गेले आणि हे काम मुलाकडे आलं. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढायचा, आणि कचेरी होती पायी जाण्याच्या अंतरावर. तरी रोज सकाळी तो खाली जाऊन गाडी चालू करी, वर येऊन चहा पिई, पुन्हा खाली जाऊन गाडी बंद करी आणि चालत कामाला जाई. त्यात त्याला दुःख वाटत नसे, बरंही वाटत नसे. दात घासावेत तसं ते होऊन जाई.

गाडी बघायची म्हणून आत्या मुक्कामाला आली. वडिलांची धाकटी बहीण, दवाखान्यात परिचारिका म्हणून आयुष्य काढलेली, जिभेला हाड नसलेली. "मला बरोबर न्या," ती म्हणाली, "नाहीतर तुम्ही तिघं मुक्यानं जाऊन ट्रक उचलून आणाल."

शोरूममधल्या माणसानं नेहमीचा प्रश्न विचारला. "साहेब, रोजचं जाणं किती होतं?"

"कुठे?" मुलगा म्हणाला.

माणूस थबकला. "म्हणजे, लांबचा प्रवास असतो का? रोज लांब पल्ला असेल तर डिझेल घ्या, डोळे मिटून घ्या. पण गावातल्या गावात थोडंथोडं चालवलं तर धुराच्या नळीतली जाळी काजळीनं तुंबते."

"आमच्याकडे डिझेलच असते."

आई तिथल्या नव्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून बघत होती. मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. बसथांब्यावर बसावं तशी. "कसं वाटतंय?" सूनबाईंनी विचारलं. "बरं आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलानं नेहमीसारखी जुनी गाडी चालू केली आणि तो चहाला वर आला, त्याच वेळी आत्या उसवलेला उशीचा अभ्रा घेऊन तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंकडे गेली. काकूंचं शिवणयंत्र खिडकीशी, आणि खिडकीबाहेर ही गाडी. खिडकी घट्ट बंद होती. तिच्या फटीत ओला टॉवेल कोंबलेला. काकू दिवा लावून, पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसल्या होत्या. आत्यानं तो श्वास ओळखला. असे श्वास तिनं जन्मभर ऐकले होते.

"दमा?"

काकूंनी मान हलवली.

"आणि हे रोज?"

"संपतं थोड्या वेळात," काकू थांबत थांबत म्हणाल्या. "भल्या माणसाच्या घरचं दुःख. काय बोलायचं?"

आत्या जिना चढून वर आली ती धापा टाकतच.

"खाली काय चाललंय तुझं?"

"गाडी गरम करतोय."

"कशाला?"

त्यानं आईकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आईसाठी. तिला त्या आवाजाची सवय आहे."

आईनं किटली खाली ठेवली. "माझ्यासाठी? मला वाटलं, तुला बरं वाटतं म्हणून करतोस. वन्सं, तो आवाज आला की माझा हात एक कप जास्तच काढतो. रोज काढते, रोज परत ठेवते."

ओट्यावर तो कप होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"अरे देवा!" आत्या म्हणाली. "दादा गाडी तापवायचा, कारण त्याला निघायचं असायचं! तुला कुठे निघायचंय? खाली एक बाई खिडकीत टॉवेल कोंबून श्वास शोधतेय, आणि वर तुम्ही एकमेकांचं मन राखताय! उद्या नवी कोरी गाडी आणशील आणि तीही अशीच उभ्या उभ्या पेटवून ठेवशील!"

तो उठला. चप्पल न घालता खाली गेला आणि त्यानं किल्ली फिरवली. अंगणात एवढी शांतता झाली की त्याला क्षणभर कळेना, आता काय करायचं. मग त्यानं काकूंचं दार वाजवलं.

"काकू, तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुमच्या घरात वर्षभर कुणी बोलतच नव्हतं रे," काकू म्हणाल्या. "म्हटलं, गाडीचा तरी आवाज येतोय."

तो तिथेच उंबऱ्यावर बसला. रडला नाही. पण बराच वेळ उठलाही नाही.

डिझेलचं पत्रक रद्दीत गेलं. सात सीटही गेल्या. त्या संध्याकाळी आईला पुन्हा विचारलं, तेव्हा "बरं" म्हणायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं आणि जरा वेळानं म्हणाली, "मला पुढे बसायचंय. काच खाली करून." विजेवर चालणारी छोटीशी गाडी ठरली. बाजारापुरती, नातलगांपुरती, आणि लागलं तर काकूंना दवाखान्यात नेण्यापुरती.

मंडळी, लांब जाणाऱ्यानं डिझेल घ्यावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या रस्त्याचा प्रश्न. पण गाडी घेताना आत किती माणसं बसतील हे आपण विचारतो, तसं ती उभी राहील तिथे कुणाची खिडकी आहे, हेही विचारू या. ज्याला त्रास होतो तो भिडेपोटी गप्प बसतो. तो बोलेपर्यंत थांबणं हा चांगुलपणा नव्हे. आणि गेलेल्या माणसाची आठवण जपायची, तर दुसऱ्याचा श्वास अडवून जपू नये.

पुढच्या सकाळी आईनं कप काढले. बरोबर जेवढे लागतात तेवढेच. खालून शिवणयंत्राचा आवाज येत होता. तिनं वाकून पाहिलं. काकूंची खिडकी सताड उघडी होती आणि तो टॉवेल दोरीवर वाळत होता.