दुकान सोडून सगळं

शालनकडे दुकानाचं सगळं होतं, फक्त दुकान नव्हतं. हा विनोद मूळचा तिच्या नवऱ्याचा, मारुतीचा. तीन वर्षांत एकही बारसं, एकही साखरपुडा त्याने या विनोदाशिवाय कोरडा जाऊ दिला नव्हता. लोक हसायचे, शालनही हसायची, म्हणून मारुतीला वाटायचं की तिलाही आवडतो.

आता थट्टा केली म्हणून माणसाला दोष तरी किती द्यायचा? कोपरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत येऊन बघा. शालनला काढायचं होतं मॅचिंग सेंटर, म्हणजे ब्लाउजपीस, परकर, साडीचे फॉल, असं सगळं. त्यासाठी कुठलं दुकान बंद पडतंय याच्यावर ती घारीसारखी नजर ठेवून असायची. चष्म्याच्या दुकानातला फिरता स्टँड आला, त्याला मारुतीच्या किल्ल्या आणि माकडटोपी लटकली. बेकरीच्या बरण्या आल्या, त्यांत तूरडाळ गेली. घोडबंदर रोडच्या मॉलमधलं एक साड्यांचं दुकान उठलं, तेव्हा तिथली डमी रिक्षात मांडीवर आडवी घेऊन ही बाई ट्रॅफिकमध्ये दीड तास बसून आली. मारुतीच्या घरात मैथिली नाही तर कोण असणार, म्हणून त्याने डमीचं नाव मैथिली ठेवलं आणि आपला रेनकोट तिच्या अंगावर चढवला. तो अजून तिथेच होता.

"बंद पडलेल्या दुकानांचं सामान घरात भरतेस, वहिनी," मारुतीची बहीण मालन एकदा म्हणाली होती. "चांगलं नसतं ते."  त्यानंतर प्रत्येक ठिकाणी शालन आधी विचारायची, "दुकान का बंद केलंत हो?"

आणि मग त्या शुक्रवारी नीला आली. नीला शालनची भिशीतली मैत्रीण, मागच्या गल्लीत तिचा गाळा. "गाळा रिकामा झालाय गं. भाडं तुला परवडेल तेवढंच घेईन. पण रविवारी संध्याकाळपर्यंत सांग, एक मोबाइलवाला मागे लागलाय."

"हो गं, पण," शालन म्हणाली, "काउंटर कुठे मिळालाय अजून?"

मारुतीच्या ओठांवर विनोद तयारच होता. पण त्याचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. सकाळीच पुसलेली बरणी ती पुन्हा पुसत होती. तीन वर्षं तिला जे कमी पडत होतं ते हे. सामान नव्हे, धीर. ती घाबरली होती, आणि उद्या दुकान चाललं नाही तर सगळ्यात मोठ्याने हसणारा माणूस घरातच बसला होता. मारुतीला स्वतःची लाज वाटली. पण सदतीस वर्षांच्या संसारात बायकोला सरळ चांगलं बोलायची सवय त्याला नव्हती. त्याने जुन्या कंपनीतल्या चार मित्रांना फोन लावले आणि रात्री जेवताना म्हणाला, "कल्याणला एक काउंटर आहे. रविवारी जाऊ."

दुकान वासंतीबाईंचं, मॅचिंगचंच, कल्याणच्या जुन्या बाजारपेठेत. काउंटर काचेचा, सागवानी चौकटीचा. शालनने काचेवरून हात फिरवला आणि ठरलेला प्रश्न विचारला, "दुकान चाललं नाही का हो?"

"एकतीस वर्षं चाललं," वासंतीबाई म्हणाल्या. "आता गुडघे चालत नाहीत. लेकीकडे नाशिकला जातेय."

किंमत ठरली. मारुती टेम्पोवाल्याला आत बोलावणार, तोच वासंतीबाईंनी हात आडवा केला. "माझ्या सासूने हा मला दिला तेव्हा आधी एक गिऱ्हाईक करायला लावलं होतं. घेणाऱ्याच्या हातून बोहनी झाल्याशिवाय हा इथून हलायचा नाही. या, इकडून आत या."

"मी?" शालनने मारुतीकडे पाहिलं. मारुतीने आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं.

ती काउंटरमागे जाऊन उभी राहिली. अर्धा तास कुणी फिरकलं नाही. मग पिशवीतून चिंतामणी रंगाची साडी काढत एक तरुण बाई आली. तिने गठ्ठ्यातल्या एका फॉलवर बोट ठेवलं. "हा द्या, हाच मॅच होतोय."

शालन फॉल देणार होती. हात पुढेही गेला होता. मग तिने तो मागे घेतला. "ट्यूबच्या उजेडात रंग फसवतो, ताई. इकडे या." साडी आणि तीन फॉल घेऊन ती तरातरा दाराबाहेर उन्हात गेली. "बघा, तो हिरवट मारतोय. हा घ्या. आणि लावायच्या आधी रात्रभर भिजत घाला, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल आणि साडी चुणेल."

त्या बाईने फॉल घेतला, वर दोन परकर घेतले, आणि जाताना विचारलं, "तुम्ही रोज असता ना इथे?"

शालनने पैसे वासंतीबाईंच्या हातात ठेवले. वासंतीबाईंनी त्यातलं दहाचं एक नाणं काउंटरच्या खणात टाकलं आणि खण लावून घेतला. "आता न्या," म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावून आत गेल्या.

परतीच्या वाटेवर शालन टेम्पोतून मागच्या काउंटरकडे वळून वळून बघत होती.  गप्प बसणं मारुतीला झेपत नाही. मुंब्र्याच्या पुढे तो म्हणाला, "छान केलंस. मला जमलं नसतं."

"काय?"

"ऐकलंयस तू. पुन्हा नाही सांगणार."

घर आलं तशी तिने काउंटर दारात उतरवूच दिला नाही. "मागच्या गल्लीत घ्या. नीलाच्या गाळ्यापाशी. मघाशी कल्याणहूनच फोन केलाय मी तिला." एवढं बोलून ती स्वतः उतरून घरात शिरली. मारुती मागोमाग आला. तिने तूरडाळ पातेल्यात ओतली, किल्ल्या आणि माकडटोपी त्याच्या हातात दिली, मैथिलीच्या अंगावरचा रेनकोट काढून त्याच्या खांद्यावर टाकला.

"अगं, मग हे मी ठेवू कुठे?"

"तुमचं तुम्ही बघा," शालन मैथिलीला काखेत धरत म्हणाली. "आम्हाला उद्यापासून काम आहे."