शुक्रवारची चिंबोरी

रविवारी सकाळी पळस्प्याजवळच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले हमाल, नव्या टॉवरांतल्या मॅडम, उरणकडचे कोळी, सगळे एका काचेच्या पेटीकडे टक लावून बसले होते. पेटीत वाळू, वर खारं पाणी आणि त्यावर जांभळं कापड. शुक्रवारी याच लोकांनी त्या वाळूवर मेलेली चिंबोरी, म्हणजे समुद्रातली खेकडी, पाहिली होती, पाठीवर ठसठशीत क्रूस असलेली. मग पेटीला कुलूप घालून किल्ली एका निवृत्त हेडमास्तरांच्या ताब्यात दिली होती. म्हणजे लबाडीला जागाच नाही, असं सगळ्यांचं मत पडलं.

पांढऱ्या सुटातले ब्रदर सॅमी माईक लावून पुढे आले. "प्रभूने समुद्रात तुमच्यासाठी पत्र लिहून ठेवलंय, आणि तुम्ही त्याचा रस्सा करून खाता." लोक हसले. ब्रदरचा आवाज गहिवरला. "ही मुकी चिंबोरी शुक्रवारी मरते, तिसऱ्या दिवशी उठते, जुनं शरीर कबरीत सोडून. हाच उद्धार. तुमच्या गोळ्या, तुमच्या सुया म्हणजे ते जुनं कवच. टाकून द्या."

हेडमास्तरांनी कुलूप काढलं, कापड उचललं. शुक्रवारची चिंबोरी होती तिथेच होती. तिच्या शेजारी हुबेहूब तशीच दुसरी, जरा मोठी, नांग्या हलवत होती. हॉलभर हुंदके फुटले. व्यासपीठाखाली ठेवलेल्या डब्यात औषधांची पाकिटं पडू लागली.

रांगेत कोमल उभी होती, मुठीत टीबीच्या गोळ्या. तिच्यामागे तिची आई ठमाबाई, उरणजवळच्या करंजा गावची कोळीण. पनवेलच्या बाजारात तीस वर्षं मासळी विकून तिचा आवाज खडा झाला होता. तिचा नवरा काशिराम गेल्या वर्षी अशाच एका रविवारी याच डब्यात टीबीच्या गोळ्या टाकून आला होता. क्रूसाची चिंबोरी म्हणून तो सांगू लागला तेव्हा ती हसली होती. ही जात जाळ्यात पाटीपाटीने येते, सगळ्यांच्याच पाठीवर ती नक्षी. "पण मेलेली उठली, मी डोल्यांनी बगितली," असं तो म्हणाला, आणि ती पाटी उचलून बाजाराला निघाली. तिने स्वतः येऊन पेटी बघायला हवी होती. धंद्याच्या गडबडीत ती आली नाही, हे तिला आता जाळत होतं. काशिराम रक्त ओकून गेला. त्याचाच आजार पोरीला लागला, आणि पोरगी त्याच डब्यापाशी पोचली होती.

ठमाबाई रांग सोडून थेट व्यासपीठावर चढली. "ब्रदर, मना त्या मेलेलीला हात लावू द्या."

"विश्वासाने स्पर्श कर, अम्मा," ब्रदर प्रसन्नपणे म्हणाले.

तिने मेलेली चिंबोरी पाण्यातून काढली आणि नाकाशी नेली. मग पोटावर अंगठा दाबला. कडकन आवाज आला. सवयीच्या हाताने तिने पाठ उचकटून लोकांसमोर धरली. आत काही नव्हतं.

"मेलेली चिंबोरी दोन तासांत वास मारते," ती म्हणाली. "ही परवाची हाय ना? मंग वास कुटं हाय? मास कुटं हाय? ही मेलेली नाय. ही कात हाय. चिंबोरी वाढते तवा जुना कवच टाकते, पाय-नांग्यांसकट. अंग मऊ असते म्हणून दोन-तीन दिस वालूत लपते. कडक झाली का वर येते. दोन्ही शुक्रवारपासून पेटीतच होत्या."

ब्रदर सावरले. "अम्मा, सैतान तुझ्या तोंडून बोलतो."

"सैतान नाय, धंदा बोलतो. कात टाकायला आलेली चिंबोरी पानचट, कोन घेत नाय. तुजा मानूस धक्क्यावर येऊन तीच मागतो. आमी त्याला येडा समजायचो." तिने ते रिकामं कवच त्यांच्या हातात कोंबलं. "माजा नवरा बी शुक्रवारीच गेला. सतरा रविवार झाले. उठव त्याला."

टीबी केंद्रातली नर्स शांती गर्दीतून पुढे आली. "मीही ख्रिस्ती आहे. रोज प्रार्थना करते आणि रोज गोळ्या देते. आमच्या चर्चमध्ये औषध सोडायला कुणी सांगत नाही." तिने पोलिसांना फोन लावला. जादूटोणाविरोधी कायदा काय असतो, ते ब्रदरना बाहेर जीपमध्ये बसताना कळलं. त्याआधी दारात त्यांनी हात जोडले. "क्षमा कर, अम्मा. क्षमा हीच प्रभूची शिकवण."

"क्षमा ती नर्स शांती करील," ठमाबाई म्हणाली. "मी कोर्टात येईन, दर तारखेला." हे बोलताना तिला बरं वाटलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

आत लोक डब्यातून आपापली पाकिटं शोधत होते, एकमेकांची नजर चुकवत. कोमलने मूठ उघडली आणि आईच्या देखत गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या.

चिंबोरीच्या पाठीवरची नक्षी हा तिच्या जातीचा रंग आहे, कुणाचं पत्र नव्हे. देव कुणी मानावा, कुणी न मानावा. पण बाजारात मासळी घेताना आपण कल्ले उचकटून बघतो, दाबून बघतो, वास घेतो. मग देवाच्या नावाने कुणी काही विकायला आलं की आपण डोळे का मिटतो?