नव्या मानेचा चंबू

मित्रांनो, मी कोल्हापुरातल्या एका रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला जुना काचेचा चंबू आहे. माझं पोट गोल, मान आखूड. कित्येक वर्षं माझ्यात नाना रसायनं उकळली. मग नवी भांडी आली आणि मी फडताळात धूळ खात पडलो.

तिथून मला इथं संशोधन करणाऱ्या उचगावच्या तमन्नानं बाहेर काढलं. तिच्या अम्मीची, लालबींची, मूत्रपिंडं कमजोर. एमआरआयचं चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून औषध देतात, पण डॉक्टरांनी त्यांना ते द्यायचं टाळलं. त्यातला गॅडोलिनियम धातू अशा रुग्णांच्या अंगात राहून अपाय करू शकतो. लालबींचं चित्र अंधुक आलं. तेव्हापासून तमन्नाला ध्यास लागला, त्याऐवजी मँगॅनीज हा धातू वापरायचा आणि तो अंगात सुटू नये म्हणून दुसऱ्या रेणूच्या पकडीत घट्ट बसवायचा.

ही पकड माझ्या पोटात जुळायची होती. हवा लागली की मँगॅनीज बिघडतं, म्हणून ती माझ्यात नायट्रोजन सोडायची. तरी द्रावण बिघडून तपकिरी व्हायचं. एकदा नाही, अकरा वेळा!

तिच्या मार्गदर्शक अनुजा मॅडम म्हणाल्या, "महिनाभर बघ. न्हाय जमलं तर विषय बदलूया."

त्या दिवशी मला घासताना तमन्ना रडली. मला सगळं ठाऊक होतं, पण बोलता येत नव्हतं.

काचेची भांडी दुरुस्त करणारे सयाजीकाका काही कामाला आले होते. त्यांनी सहज माझ्या तोंडावरून बोट फिरवलं.

"पोरी, तुझ्या हातात खोट न्हाय. ह्याला चीर हाय बघ. हवा आत शिरतीय."

"मग टाकून देऊ?"

"टाकतीस कशाला? मान बदलतो की!"

ज्योतीवर माझी जुनी मान तुटली, नवी जुळली. फार भाजलं. पण पुढच्या खेपेला द्रावण नितळ राहिलं. त्याची नळी एमआरआय यंत्रात पाण्याच्या नळीशेजारी ठेवली, तेव्हा चित्रात पाणी करडं दिसलं आणि तमन्नाची नळी पांढरीशुभ्र झळाळली.

ते चित्र बघायला लालबी प्रयोगशाळेत आल्या.

"मला कधी मिळंल गं हे?"

"अम्मी, अजून लई तपासण्या हायत. वर्षं जातील. तुला मिळंलच असं न्हाय."

लालबींनी मला उचलून तिच्या हातात दिलं.

"मग दुसऱ्या कुणाच्या अम्मीला मिळंल. बसलीस काय? लाग की कामाला!"

मित्रांनो, काम फसलं तर लगेच माणसाला बोल लावू नका, त्याच्या हातातलं भांडंही एकदा नीट बघा. आणि ते चिरलेलं निघालं, तर फेकण्याआधी जोडता येतं का, तेवढं विचारा.